अंगणातले पक्षी : कोण गेलं, कोण नव्यानं आलं?

कढीलिंब
मंडळी, आम्ही सिंहगड रस्त्याला राहायला आलो तेव्हा इमारतीच्या मागे शेतं होती आणि सकाळी चिमण्यांचा नुसता गलका असायचा. आता मागे तीन टॉवर आहेत आणि चिमणी शोधायला किराणा दुकानापर्यंत जावं लागतं. पण गॅलरी ओस पडलीय असंही नाही. जांभळा शिंजीर रोज पार्किंगमधल्या गाडीच्या आरशाशी भांडतो. बुलबुल कढीपत्त्याच्या काळ्या फळांवर ताव मारतात. तांबटाचं टुक-टुक दिवसभर चालू असतं. राखी वटवट्या इतका जवळ येतो की त्याची शेपटी कुंडीला लागते. यातलं कुणी मी पूर्वी इथं पाहिल्याचं आठवत नाही. (कबुतरांचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही, बीपी वाढतं.)

तर प्रश्न असा : तुमच्याकडे गेल्या काही वर्षांत कोण कमी झालं, कोण वाढलं? गाव आणि परिसर सांगा, कारण काय वाटतं तेही सांगा. फक्त 'गेले ते दिवस' छाप उसासे नकोत. ते माझे मी टाकून झालेत.

टवाळखोर
कबुतरं वाढली. बाकी सगळे कमी झाले. धागा संपला, चहा घ्या.

नाना_पेठकर
कढीलिंबताई, आमच्या वाड्यात माजघरातल्या प्रत्येक तसबिरीमागे चिमणीचं बिऱ्हाड होतं. दत्ताच्या फोटोमागे एक, आजोबांच्या मागे एक. काड्या, सुतळी, कापूस सगळं खाली गळायचं आणि आई दिवसातून दोनदा केरसुणी घेऊन पुटपुटत झाडायची, पण घरटं काढू द्यायची नाही. वीण चालू असली की पंखा बंद, मग आम्ही घामानं भिजलो तरी चालेल.

वाडा पडला, इमारत झाली. सगळ्या भिंती गुळगुळीत, खिडक्यांना स्लायडिंग. त्यात समोरच्या गच्चीवर मोबाइल टॉवर आला आणि उरल्यासुरल्या चिमण्याही गेल्या. माझ्या मते टॉवर हेच मुख्य कारण.

विदा_हवा
नाना, तुमच्या प्रतिसादाच्या पहिल्या परिच्छेदातच खरं कारण आलंय (वाड्यात होत्या तशा घरट्याच्या जागाच उरल्या नाहीत) आणि दुसऱ्यात तुम्ही ते टॉवरच्या गळ्यात घातलंत. :)

टॉवरमुळे चिमण्या गेल्या याला ठोस पुरावा अजून कुणी दिलेला नाही. ब्रिटनमध्ये चिमण्यांची घसरण सत्तरच्या दशकाच्या शेवटी सुरू झाली, तेव्हा मोबाइल कुणाच्या खिशात होता?

दुसरं म्हणजे 'चिमण्या संपल्या' हेच अर्धसत्य आहे. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स'चा २०२० चा अहवाल म्हणतो की देशभरात मिळून चिमणीची संख्या पंचवीसेक वर्षं साधारण स्थिर आहे. घट दिसते ती सहा महानगरांत : मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद. नंतर २०२३ चा अहवाल आला, त्यात ९४२ जातींचा आढावा आहे आणि तो तीस हजारांवर पक्षीनिरीक्षकांनी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात वाढलेल्यांची नावं वाचा : पारवा म्हणजे आपलं कबूतर, कोकीळ, मोर आणि कढीलिंबताईंचा राखी वटवट्या. नीलपंखासारखे उघड्या माळावरचे पक्षी मात्र चांगलेच घटलेत. ज्याची कुणी आठवण काढत नाही तो खरा अडचणीत आहे, आणि सगळे अश्रू चिमणीच्या वाट्याला.

टवाळखोर
महानगरांच्या यादीत पुणे नाही?? हा पुणेकरांचा अपमान आहे. आमच्या चिमण्या कमी व्हायच्या लायकीच्या नाहीत का?

नाना_पेठकर
विदा_हवा, अहवाल वाचून चिमणी माझ्या खिडकीत येते का? देशात स्थिर असतील, सदाशिव पेठेत नाहीत. मी जे पाहतो ते पाहतो.

विदा_हवा
नाना, तुम्ही पाहता ते खरंच आहे, त्यावर वाद नाही. देशाची सरासरी स्थिर असताना एखादी पेठ रिकामी होऊ शकते. पण मग कारणही पेठेतच शोधायला हवं ना? टॉवर तर खेड्यातही आहेत.

शेवगा
गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भुसार विभागात एक चक्कर मारा. पोत्यांवर, हमालांच्या पायात, वजनकाट्यावर नुसत्या चिमण्या. दुकानाचं शटर वर गुंडाळतं त्या पेटीत घरटं. दुकानदार सकाळी शटर हळू उचलतात, काहींनी एक बाजू कायमची अर्धवट ठेवलीय. स्टेशनच्या फलाटांवरही भरपूर आहेत. धान्य सांडतंय आणि भिंतीला भोक आहे तिथं चिमणी आहे. आपल्याकडे तांदूळ प्लॅस्टिकच्या पिशवीत येतो, निवडायला सूप लागत नाही आणि अंगणात काही सांडत नाही.

माळावरचा_सोलापूर
खेड्याकडचं सांगतो. चिमण्या आहेत, पण थवे लहान झाले. पूर्वी ज्वारी निसवली की आम्हा पोरांना राखणीला माळ्यावर बसवायचे. हातात गोफण, पत्र्याचा डबा बडवायचा, घसा बसेपर्यंत हाकारायचं. चिमण्या, भोरड्या (गुलाबी मैना), होले सगळे तुटून पडायचे. आता कॅनॉलचं पाणी आलं, ज्वारीच्या जागी ऊस आला. उसात चिमणीनं काय खावं? विहिरीवरच्या बाभळी तोडल्या, तशी सुगरणीची घरटीही गेली. थंडीत भोरड्या अजून येतात, संध्याकाळी त्यांचा ढग आकाशात वळताना बघायला शहरातली मंडळी कॅमेरे घेऊन येतात.

आणि मोर वाढले म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांनी एकदा आमच्या भुईमुगात येऊन बघा. पेरलं की उकरलं. राष्ट्रीय पक्षी, हात लावता येत नाही. बागेतला मोर छान, रानातला मोर शेतकऱ्याला विचारा.

सई_ठाणे
+१ मोरांबद्दल. नातेवाइकांच्या शेतावर हेच ऐकलंय.

धागा मस्त, वाचनखूण साठवली.

लंडनची_मावशी
इथलं सांगते. ब्रिटनमध्ये १९७९ पासून दर जानेवारीच्या शेवटच्या शनिवार-रविवारच्या सुमारास लोक तासभर खिडकीत बसून बागेतले पक्षी मोजतात. आरएसपीबी ही संस्था ते चालवते. नियम साधा : एका वेळी एका जातीचे जास्तीत जास्त किती दिसले तेवढाच आकडा लिहायचा, म्हणजे तोच रॉबिन दहा वेळा आला तरी एकच. इतकी वर्षं हे चाललंय म्हणून इथे ठामपणे सांगता येतं की बागेतल्या चिमण्या निम्म्याहून कमी झाल्या. गंमत म्हणजे इतकं होऊनही यादीत पहिला नंबर चिमणीचाच.

दुसरा धक्का ग्रीनफिंचचा. हिरवट-पिवळा, चिमणीएवढा, पूर्वी प्रत्येक बागेत असायचा. २००५ नंतर त्यांच्यात घशाचा एक रोग पसरला, ट्रायकोमोनोसिस. गिळताच येत नाही, पक्षी फुगून बसतो आणि मरतो. तो पसरायला एक कारण म्हणजे लोकांनी प्रेमानं लावलेले दाण्याचे फीडर. आजारी पक्षी तिथेच लाळ सांडतो, पुढचा तोच दाणा उचलतो. तेव्हा फीडर लावणार असाल तर दर आठवड्याला घासून, उन्हात वाळवून मगच परत टांगा. बशीतलं पाणी रोज बदला.

आणि वाढलं कोण? आपला पोपट! अगदी लाल कंठवाला. पिंजऱ्यातून सुटलेल्यांची पिल्लावळ सत्तरच्या दशकापासून इथं रुजली. हॅरोमध्ये सकाळी डोळे मिटून ऐकलं तर माहेरच्या पेरूच्या झाडाखाली उभी आहे असंच वाटतं. शेजारचा गोरा आजोबा मात्र त्यांना शिव्या घालतो, त्याची सफरचंदं कुरतडतात म्हणून.

टवाळखोर
मावशी, दीडशे वर्षांचा हिशेब हळूहळू चुकता करतायत ते. सफरचंदापासून सुरुवात.

मेलबर्नचा_बंड्या
हिशेबाचंच म्हणाल तर ऑस्ट्रेलियाकडे बघा. १८६० च्या दशकात इथल्या लोकांनी मळ्यातल्या किडी खाव्यात म्हणून भारतातून साळुंक्या आणून मेलबर्नमध्ये सोडल्या. किडी राहिल्या बाजूला, साळुंक्यांनी झाडांच्या ढोल्या बळकावल्या आणि इथल्या छोट्या पोपटांना बेघर केलं. 'इंडियन मायना' म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठ्या. सापळे लावून पकडतात. ऑफिसात कुणी तावातावानं तिच्याबद्दल बोलायला लागलं की मी चहा आणायला उठतो.

जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांची आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेची एक यादी आहे, त्यात फक्त तीन पक्षी आहेत. त्यातले दोन म्हणजे आपली साळुंकी आणि आपला लालबुड्या बुलबुल. कढीलिंबताई, तुमच्या कढीपत्त्यावर आंतरराष्ट्रीय गुन्हेगार बसतात.

कढीलिंब
बंड्या, हे वाचून बुलबुलाकडे बघायची नजरच बदलली. आज तो जरा गुर्मीतच वाटला.

रत्नांग्रीची_सुमा
कावळ्यांचं कुणी बोलत नाही? आमच्याकडे गेल्या पितृपक्षात पान ठेवून ताटकळलो. मुंजाबाच्या पिंपळावर पूर्वी शेकड्यांनी असायचे. शेवटी भटजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववा.

टवाळखोर
सुमाताई, कावळे आहेत हो, फक्त पितरांनी डाएट सुरू केलंय. वडे-खीर नको म्हणतायत.

विदा_हवा
कावळ्यांबद्दल एक तर्क. कोकिळा अंडी घालते ती मुख्यतः कावळ्याच्या घरट्यात, आणि कोकीळ तर जोरात वाढलेत. कावळे सगळीकडेच इतके घटले असते तर कोकिळेनं संसार कुणाच्या जिवावर केला असता? माझा अंदाज, कावळे गावातून उठून कचरा डेपो, मच्छी बाजार, खाऊगल्ली अशा ठिकाणी गेलेत. घंटागाडी आली, उकिरडे गेले, त्यांचा मुक्काम हलला.

सुरमई
मोंबासात काही वर्षं होते, तिथं आपल्या कावळ्यांनी उच्छाद मांडलाय. झांझिबारला कचरा साफ करायला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नेले होते म्हणतात, तिथून अख्ख्या किनाऱ्यावर पसरले. हॉटेलात प्लेटमधली पोळी उचलून नेतात. केनिया सरकारनं २०२४ मध्ये दहा लाख कावळे मारायची घोषणा केली होती. सुमाताईंना हवे असतील तर पाठवायची सोय होईल का बघते.

अतिरेकी_आंबा
कबुतरांवर बोला की राव. मुंबईत २०२५ च्या जुलैत कबुतरखाने बंद करायचा आदेश आला, दादरला ताडपत्री टाकली, ती लोकांनी फाडली, प्रकरण हायकोर्टात गेलं. लोक मरतायत फुफ्फुसाच्या रोगानं आणि इथं भूतदया चालू आहे. दाणे टाकणाऱ्यांना दंड नाही, सरळ...

संपादक मंडळ
वरील प्रतिसादाचा शेवटचा भाग काढून टाकला आहे. श्रद्धा, समाज आणि राजकारणावरच्या चर्चेसाठी वेगळे धागे आहेत. इथे पक्ष्यांवर बोलावे.

डॉ_घरगुती
एवढंच सांगते आणि थांबते. कबुतराच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर काहींना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस (ॲलर्जीनं फुफ्फुसाला येणारी सूज) होतो. सगळ्यांना होत नाही. पण एसीच्या बाहेरच्या युनिटवर साचलेला थर कोरडा झाडू नका, आधी पाण्यानं भिजवा, तोंडाला मास्क लावा.

आता पक्ष्यांवर : कबूतरच का जिंकलं? मुळात ते कड्याकपारीत राहणारं. आपण त्याला वीस मजली कडे बांधून दिले. आणि पिलांना ते किडे भरवत नाही. आई-बाप दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीत दुधासारखा पातळ खिमट तयार होतो, पहिले काही दिवस पिलांना तोच. म्हणजे आजूबाजूला एकही किडा नसला तरी दाण्यांवर वर्षभर पिलं निघतात. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिलांना सुरुवातीला अळ्या आणि मऊ किडेच लागतात. महिन्यातून दोनदा धूरफवारणी होणाऱ्या सोसायटीत तिनं ते आणायचे कुठून?

सई_ठाणे
डॉक्टर, हे माहीत नव्हतं. आमच्याकडे सगळ्या गॅलऱ्यांना जाळ्या लागल्या तेव्हापासून बुलबुलही येत नाही. कबुतर नाही, कुणीच नाही. पलीकडच्या इमारतीत जाळ्या नाहीत, तिथं मजेत दोन काड्या ठेवून कबुतरांचे टूबीएचके.

माळीबुवा_नाशिक
उशिरा आलो, पण माझा धंदाच बागांचा आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

सोसायटीची कमिटी मला काय सांगते? पानगळ नको. फळ पडून डाग पडायला नकोत. फुलांवर मधमाश्या नकोत. किडा तर अजिबात नको. खाली माती दिसायला नको. मग मी काय लावणार? फॉक्सटेल पाम, ड्युरांटाची कुंपणं, लॉन, आणि उरलेल्या सगळ्या जागेत पेव्हर ब्लॉक. नाही म्हणालो तर दुसरा माळी तयारच आहे.

आता कढीलिंबताईंनी वाढलेल्यांची जी यादी दिली ती परत वाचा. शिंजीर मध पितो, त्याला जास्वंद, हमेलिया, टेकोमा हे शोभेचं सगळं चालतं. बुलबुल, तांबट, कोकीळ फळं खातात, त्यांना कुंपणाबाहेर आपोआप उगवलेली सिंगापूर चेरी आणि उंबर पुरतात. म्हणजे ज्यांचं पोट फांदीवर भरतं ते टिकले. मार बसला तो जमिनीवर चरणाऱ्यांना. चिमणी, होला, सातभाई. सातभाईंचं टोळकं पालापाचोळा उलटून किडे काढतं. तुम्ही पाचोळा रोज झाडून जाळता, मग ते येतील कशाला?

चिमणीला मातीत आंघोळ लागते. कोरड्या भुसभुशीत मातीत ती पोट घासून वाटीएवढा खळगा करते, पंख फडफडवून धूळ अंगावर घेते, मग पिसं झटकून साफ. उवा-गोचिडांवरचा तिचा उपाय तो. पाच-सहा जणी ओळीनं आपापल्या खळग्यात बसलेल्या मी लहानपणी रोज बघायचो. पेव्हर ब्लॉकवर हे कसं करायचं? त्या फटींत गवत उगवलं तर त्यालाही आपण तणनाशक मारतो, म्हणजे गवताचं बीही गेलं.

एका बंगलेवाल्या बाईंनी मात्र मागची दहा बाय चार फुटांची पट्टी तशीच ठेवू दिली. तिथं फक्त माती, मेंदीचं दाट कुंपण आणि एका कोपऱ्यात बोगनवेल. पाऊस संपल्यावर गवताला बी धरलं तेव्हा आधी ठिपकेवाल्या मनोल्या आल्या, मग चिमण्या. आता संध्याकाळी त्या बोगनवेलीत इतका कालवा असतो की बाईंना टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. काटे असल्यामुळे मांजर आत शिरत नाही.

नाना_पेठकर
माळीबुवा, प्रतिसाद आवडला. टॉवरबद्दलचं माझं मत कायम आहे.

विदा_हवा
माळीबुवा, +१००. नाना, :)

शेवगा
माळीबुवा, सगळं पटलं, एका गोष्टीला विरोध. देशी-विदेशी झाडांचा मुद्दा आला की लोक सिंगापूर चेरी तोडायला निघतात. तिच्या एका झाडावर पहाटे फुलटोच्या, बुलबुल, कोकीळ, संध्याकाळी वटवाघळं. विदेशी आहे म्हणून तोडू नका रे.

माळीबुवा_नाशिक
शेवगाराव, तोडा म्हणालोच नाही. चेरी राहू द्या, पण जोडीला माती राहू द्या.

सई_ठाणे
चिमण्यांसाठी लाकडी घरटं ऑनलाइन मागवलंय. कुठं लावू?

माळीबुवा_नाशिक
सईताई, आधी भोकाचा व्यास बघा. ३२ मिलिमीटरच्या आसपास हवा. त्याहून मोठा असेल तर दयाळ किंवा साळुंकी घर बळकावेल. आठ-दहा फूट उंचीवर, दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा लागणार नाही अशा भिंतीला. पंख्यापासून लांब. भोकाखाली बसायची दांडी असेल तर काढून टाका, चिमणीला ती लागत नाही, कावळ्याला सोय होते. आणि परिसरात चिमणी मुळातच नसेल तर पेटी लावून ती उगवणार नाही, हेही ध्यानात असू द्या.

टवाळखोर
आमच्या पेटीत पाल राहते. भाडंही देत नाही.

कढीलिंब
सगळ्यांचे आभार, इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. मला उमगलं ते असं की माझ्या गॅलरीतली यादी ही खरं तर आमच्या सोसायटीच्या बागेची यादी आहे. मोजणीत भाग घ्यायचा तर नेमकं काय करायचं, विदा_हवा?

विदा_हवा
दर फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक मोजणी असते, ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट. भारतात २०१३ पासून लोक भाग घेतात. पण वर्षभरात कधीही चालतं. फोनवर ईबर्डचं ॲप घ्या, किमान पंधरा मिनिटं एका जागी बसा आणि ओळखू आलेले सगळे पक्षी लिहा. 'सगळे' महत्त्वाचं. लोक हळद्या, धनेश दिसला की उत्साहानं टाकतात आणि कावळा, साळुंकी सोडून देतात. एखादा पक्षी शंभरातल्या किती याद्यांत आला यावरून कल कळतो, त्यामुळे यादी अपुरी असेल तर उपयोग नाही. कबुतरंही लिहा, बीपी वाढलं तरी.

माळावरचा_सोलापूर
आमच्यासारख्यांनी टाकलं तर बरंच होईल. बहुतेक याद्या शहरातूनच येत असणार.

विदा_हवा
अगदी. सोलापूरच्या वस्तीवरून आलेली रोजची साधी यादी पुण्याच्या शंभराव्या यादीपेक्षा जास्त मोलाची.

रत्नांग्रीची_सुमा
विषयांतर होतंय, पण आज परसात एक अनोळखी पक्षी आलाय. काळा-पांढरा, चोचीजवळ नारिंगी, साळुंकीएवढा. फोटो जोडलाय. कोण आहे?

शेवगा
वर्णनावरून कवडी मैना वाटतेय. पण फोटो दिसत नाहीये.

मेलबर्नचा_बंड्या
मलाही दिसत नाही. गूगल फोटोची लिंक पब्लिक करा.